बॅरन बेटासाठी तीन रात्रींची बोट ठरवतोय, बोटवाल्याला नेमकं काय विचारायचं?

मृण्मयी_मांजलपूर

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याची नऊ जणं फेब्रुवारीत अंदमानला जातोय. सहा जणांकडे स्कूबाचं पहिल्या पायरीचं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड आहे, दोघांकडे त्यापुढचं, ॲडव्हान्स्ड. नववे म्हणजे माझे दीर. ते टाकी लावणार नाहीत, वरून नळी घेऊन मासे बघणार. दोन दिवस हॅवलॉकला डाइव्ह करून पुढे तीन रात्री बोट भाड्याने घ्यायची आणि बॅरन बेटाकडे जायचं, असा बेत आहे. बेटावर उतरायची परवानगी नाही हे माहीत आहे. ज्वालामुखी बोटीतूनच बघायचा आणि परवानगी मिळेल तिथे पाण्यात उतरायचं.

तीन बोटींचे भाव आलेत. एक जुना मासेमारीचा ट्रॉलर सुधारून केलेला, सगळ्यात स्वस्त. दुसरी दोन सांगाड्यांची कॅटामरान, त्याच्या दीडपट. तिसरी फोटोत फार देखणी, पांढरे सोफे वगैरे, आणि भाव फोटोला शोभेल असाच.

मी धंद्याने सीए. ताळेबंद वाचता येतो, बोट वाचता येत नाही. त्यात १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हापासून आईसमोर बोट हा शब्द काढायची सोय राहिलेली नाही. तिचं म्हणणं एकच, "तलावातल्या बोटीत जॅकेट नव्हती, तुमच्या समुद्रातल्या बोटीत काय असेल ते कोणी बघितलंय?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारते.

बोट निवडताना काय बघायचं? पाण्याखाली कोणाला काही झालं तर आमची तयारी काय असावी? न्यू जर्सीचा मावसभाऊ उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र देतो म्हणतोय, ते आणावं का? आणि नवऱ्याला बीपीची गोळी चालू आहे, त्याचं काय?

लालबागचा_मासा

आपल्या सुरसागर तलावातच बुडी मारा की ताई. वर महादेव उभेच आहेत लक्ष ठेवायला, परतताना सेवउसळ. अंदमानला ती मिळत नाही.

सेफ्टीवाले_काका

मृण्मयीताई, तुमच्या आईंचा प्रश्न तुमच्या चारही प्रश्नांपेक्षा नेमका आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आधी माझी ओळख. नंदेसरीकडे एका रासायनिक कारखान्यात सेफ्टीत एकतीस वर्षं काढली. डाइव्हिंग शिकलो ते एक्कावन्नाव्या वर्षी, मुलाच्या नादाने. आता सदुसष्टचा आहे. तेव्हा जे लिहितो ते कारखान्याच्या चष्म्यातून लिहितो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, पांढरे सोफे विसरा. बोट चांगल्या वेळेसाठी सगळ्यांचीच चांगली असते. तुम्ही बोटवाल्याला वाईट तासाबद्दल विचारायचं. दुपारी अडीच वाजलेत, आठ जण पाण्याखाली गेलेत, त्यातला एक वर आला आणि म्हणतोय पाय बधिर झाले. आता पुढचा एक तास मला सांगा, कोण काय करणार? ज्याला हे सलग सांगता येतं त्याची बोट बघा. जो म्हणतो "मॅडम, टेन्शन नका घेऊ, आजवर काही झालं नाही," त्याला धन्यवाद म्हणून फोन ठेवा. आमच्याकडे वेल्डिंगची परवानगी मागायला येणारा ठेकेदार हेच वाक्य बोलायचा.

माझी गोष्ट सांगतो. कुठे घडली ते सांगत नाही, बोट अजून चालते. तिसऱ्या दिवसाचा दुसरा डाइव्ह, २४ मीटर. वर येताना काही चुकलं नाही, घड्याळातल्या संगणकानेही तक्रार केली नाही. कपडे बदलताना डावा खांदा आतून ठणकायला लागला, कोपरापाशी खाज. मी ठरवून टाकलं की सकाळी बॅग उचलली त्याचं आहे. दोन तास गप्प बसलो. तीस वर्षं कामगारांना "लागलं तर लपवू नका" सांगणारा मी, जेवलो, चहा घेतला आणि लपवलं. शेवटी बायको म्हणाली, "हात का वर करत नाहीस?" तेव्हा बोललो. खाली असताना अंगात विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावर बुडबुडे होऊन सुटतो, त्याचा हा त्रास.

पथकप्रमुख हुशार होता, लगेच ऑक्सिजन म्हणाला. सिलिंडर आणला, भरलेला. मास्क आणला, नवा, पिशवीसकट. आणि सिलिंडर उघडायची चावी नव्हती. ती किनाऱ्यावरच्या दुकानात खिळ्याला टांगलेली होती, कारण आदल्या आठवड्यात तिथे कोणीतरी तो तपासला होता. एक खलाशी बिचारा इंजिनातून पक्कड घेऊन धावत आला, दोन्ही हात ग्रीसने काळे. मी खांदा धरून ओरडलो, हात लावू नकोस! दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं तर तो पेट घेतो. आजारी माणसाला उठून सेफ्टीचं लेक्चर द्यावं लागलं त्या दिवशी.

ऑक्सिजन मिळाला तो किनाऱ्यावर, अडीच तासांनी. मग दाबकक्षात गेलो. १८ मीटर खोलीइतका दाब, त्यात ऑक्सिजन, मध्येमध्ये साध्या हवेची सुट्टी, सगळं मिळून पावणेपाच तास. नौदलांच्या उपचारतक्त्यांमधला हा सहावा, जगभर बहुतेक ठिकाणी हाच वापरतात. खांदा बरा झाला. चावी अजून डोक्यातून गेलेली नाही.

म्हणून ऑक्सिजन आहे का, असं विचारू नका. "आहे" हेच उत्तर येतं. विचारा, किती लिटर? चावी कुठे बांधलीय? लावायला कोण शिकलंय, आणि तो माणूस स्वतः पाण्यात असेल तेव्हा दुसरा कोण?

किती लिटर, याचा हिशेब तुम्ही सीए आहात म्हणून मांडतो. शेजारी पिशवी असलेल्या मास्कने मिनिटाला १५ लिटर लागतात. कोविडमध्ये आपण सगळेच सिलिंडरतज्ज्ञ झालो होतो, आठवत असेल, बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर. म्हणजे १०० मिनिटं. हॅवलॉकजवळ हे निभावून नेता येतं, तेही ओढूनताणून, कारण पोर्ट ब्लेअरची सरकारी फेरीच दोन-अडीच तास घेते आणि दाबकक्ष तिथल्या नौदलाच्या रुग्णालयात आहे. (२०२४ पासून गावाचं नाव श्री विजयपुरम झालंय. बोटवाले दोन्ही नावं वापरतात, गोंधळू नका.) आता बॅरन. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटर. तुमची बोट दहा नॉटने गेली तर ताशी साडेअठरा किलोमीटर, म्हणजे साडेसात तास. ४५० मिनिटं गुणिले १५, ६७५० लिटर. एका माणसाला. हा जवळजवळ एक अख्खा डी टाइप झाला, तो माणसाच्या खांद्याएवढा उंच लोखंडी बंब, हलत्या डेकवर साखळीने बांधलेला. श्वास ओढला तेवढाच ऑक्सिजन सोडणारा डिमांड व्हॉल्व्ह असेल तर तेवढ्यातच जवळपास दुप्पट वेळ निघतो, पण माणूस शुद्धीवर आणि नीट श्वास घेणारा हवा. तुमच्या तिन्ही बोटवाल्यांपैकी कोणी हा हिशेब केलाय का, ते बघा. हेलिकॉप्टर येईल या भरवशावर बेत आखू नये. आलं तर नशीब.

माझं स्पष्ट मत: ओपन वॉटरवाल्या सहा जणांना पहिल्याच मोठ्या सहलीत बॅरनला नेऊ नका. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी सांगतो. १८ मीटरची मर्यादा असलेली माणसं, खोल उतरत जाणारे कडे, आणि दाबकक्ष साडेसात तासांवर.

आता बोटीवर झोपायचं आहे म्हणून एक वेगळी गोष्ट. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाची डाइव्हिंगची बोट रात्री जळाली. खाली झोपलेले चौतीसच्या चौतीस गेले, त्यात तेहतीस प्रवासी. वरच्या मजल्यावरचे पाच कर्मचारी वाचले. झोपायच्या खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा होत्या, पण दोन्ही वर एकाच दालनात निघायच्या आणि आग तिथेच होती. रात्री फेरी मारणारा पहारेकरी नव्हता, चौकशीत ठपका मुख्यतः त्यावर आला. तेव्हा बोट बघायला जाल तेव्हा खाली बंकमध्ये आडवे व्हा, डोळे मिटा आणि दुसऱ्या वाटेने चाचपडत बाहेर या. लाज वाटली तरी या. दिरांनाही करायला लावा, पोट मोठं असेल तर आधी त्यांनाच. रात्री जागा कोण असतो त्याचं नाव विचारा. आणि कॅमेऱ्यांच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या रात्री झोपायच्या जागेत चार्जिंगला लावू देऊ नका.

कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी कुठे आहे तेही बघा. इंजिनाचा धूर आणि ती नळी एकाच बाजूला असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला वास नसतो. पण हवेला डिझेलची चव लागली तर तो डाइव्ह तिथेच रद्द, भांडण नंतर.

मोजणीचं सांगायचं राहिलं. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं समुद्रातच राहिलं आणि बोट निघून आली. डोकी मोजण्यात चूक झाली होती. दोन दिवसांनी बोटीवर त्यांच्या बॅगा दिसल्या तेव्हा लक्षात आलं. डोकी मोजू नका, नाव घ्या. ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची, शेजाऱ्याने "तो खाली गेलाय, आहे तो" म्हणायचं नाही. दीर पाण्यात नसले तर हे काम त्यांचं. कागदावर पेन्सिलने. पेन ओलं झालं की चालत नाही.

देवबागचो

काका सांगतत ता बरोबर, पण मी एक बोलतंय. बोट काय बघतास, तांडेल (बोटीचो कप्तान) बघा.

बाकी प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर बडोदेकरांना कळायचं नाही. मी तारकर्लीला सात सीझन बोटीवर होतो. आमच्याकडे २४ मे २०२२ ला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोन पर्यटक गेले. सीझन संपता संपता समुद्र फिरलेला असतो, आणि २६ मेपासून पाण्यातले खेळ बंद. त्या शेवटच्या दिवसांतच गर्दी जास्त. तांडेल असा हवा की नऊ जणांनी भरलेले पैसे समोर दिसत असतानाही "आज नाय" म्हणेल. त्याला विचारा, गेल्या सीझनमध्ये किती वेळा अर्ध्या वाटेवरून परत फिरलात? एकदाही नाही म्हणाला तर तो खोटं बोलतोय किंवा वेडा आहे.

दुसरं, सगळे पाण्यात असताना बोटीवर दोन माणसं हवीत. एकाच्या हातात सुकाणू, दुसऱ्याचे डोळे पाण्यावर, बुडबुड्यांवर. एकच माणूस असेल आणि तो भात शिजवत असेल तर ती बोट नको. पाण्यातल्या माणसाजवळ बोट आणताना इंजिन न्यूट्रलला घेतो का, तेही पहिल्या दिवशी बघून घ्या. पंखा दिसत नाही म्हणून लोक त्याला घाबरत नाहीत.

मृण्मयी_मांजलपूर

काका, तुमचा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला. तो आधी हसला, ६७५० वर आल्यावर गप्प झाला. कोणी बीपीबद्दल आणि त्या उपग्रहाच्या यंत्राबद्दल सांगेल का?

भूलतज्ज्ञ_रावपुरा

यंत्राचं आधी. आणू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि गिर्यारोहक वापरतात ती छोटी संदेशयंत्रंही त्यातच धरतात. विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून अटक झालेली आहे. मावसभावाला सांगा, त्याऐवजी चांगल्या शिट्ट्या आणि पाण्यावर उभी राहणारी नारिंगी फुगा-नळी पाठव, ती प्रत्येकाकडे हवी. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ हवा. त्याचा १६ नंबरचा चॅनेल संकटासाठी असतो. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

बीपी. गोळीचं नाव इथे लिहू नका, तुमच्या डॉक्टरांना डाइव्हिंगचा प्रश्नावलीचा फॉर्म दाखवा. त्यात एका ठरावीक प्रश्नालाही "हो" आलं तर डॉक्टरांची सही लागते, आणि लोक सही टाळायला "नाही" लिहितात. ते करू नका. ताब्यात असलेल्या बीपीने सहसा अडत नाही. पण काही गोळ्या हृदयाचा वेग वाढू देत नाहीत, मग प्रवाहाविरुद्ध पाय मारताना माणूस लवकर थकतो. शिवाय बीपी असणाऱ्यांना पाण्यात असतानाच फुफ्फुसात पाणी साचण्याचा धोका थोडा जास्त. खोकला, धाप, गुलाबी फेस. तो समुद्राचं पाणी प्यायलाय असं समजून लोक पाठ थोपटत बसतात. लगेच पाण्याबाहेर काढायचं, बसवायचं, ऑक्सिजन द्यायचा. दिरांनाही हे लागू आहे. वरून मासे बघणाऱ्याचं हृदयही तेवढंच दमतं, आणि त्यांना कोणी फॉर्म देत नाही.

काकांच्या खांद्याबद्दल एकच भर. वर आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कोणी कोसळला, बोलताना अडखळला, एक बाजू लुळी पडली, तर ती नायट्रोजनची सावकाश चाललेली तक्रार नव्हे. फुफ्फुस फाटून हवा रक्तात गेल्याची शक्यता आधी धरा. श्वास रोखून वर येणाऱ्यांना हे होतं, आणि त्याला खोली लागत नाही. दहा मीटरवरून वर येताना छातीतली हवा दुप्पट होते. अशा माणसाला सपाट झोपवा. पाय वर, डोकं खाली अशी जुनी पद्धत आता सांगत नाहीत. ऑक्सिजन लावा आणि निघा. पुन्हा पाण्यात नेऊन "बरं करणं" हा प्रयोग कोणी सुचवला तर ऐकू नका.

सर्दी असेल तर नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नका. खाली असताना तिचा असर संपला की वर येताना कान अडकतो.

परतीचं विमान? अनेक दिवस डाइव्ह केल्यावर निदान १८ तास थांबायचं, कारण उंचावर हवेचा दाब कमी झाला की तेच नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात. मी २४ म्हणतो. शेवटचा दिवस सेल्युलर जेल बघण्यात घालवा. आणि विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेत का, ते बारीक अक्षरात असतं. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कचा विमा वेगळा मिळतो, त्यांच्या फोनवर चोवीस तास डॉक्टर असतो.

देवबागचो

डॉक्टर, विमानाचं म्हणताय तसंच घाटाचं. मालवणला दोन-तीन दिवस खोल डाइव्ह करून संध्याकाळीच आंबोली चढून बेळगावला जाणारे बघितलेत. ६९० मीटर आहे ती. मुंबईवरून बडोद्याला जाणाऱ्यांना घाट लागत नाही म्हणा.

मृण्मयी_मांजलपूर

आठवडाभराने लिहिते आहे, कारण ऑडिट करायला वेळ लागला.

तिन्ही बोटवाल्यांना तोच प्रश्न विचारला. अडीच वाजलेत, पाय बधिर, पुढचा एक तास सांगा. सोफेवाल्यांनी व्हॉट्सॲपवर डॉल्फिनचा व्हिडिओ पाठवला. ट्रॉलरवाल्यांनी सरळ सांगितलं, "ताई, ऑक्सिजन एक छोटा आहे, बॅरनला पुरणार नाही, मी तुम्हाला तिकडे नेणार नाही. हॅवलॉकच्या आसपास या." कॅटामरानवाल्यांनी हिशेब केला होता. तीन बी टाइप आणि एक डिमांड व्हॉल्व्ह, रेडिओ दोन, रात्रीच्या पहाऱ्याची वही आहे. वहीचा फोटो मागितला तर पाठवला. तीन रात्रींची पानं कोरी होती. विचारलं, तर म्हणाले बोट बंदरात उभी होती.

देवबागकर, तुमचाही प्रश्न विचारला. कॅटामरानचे तांडेल म्हणाले, चार वेळा. ट्रॉलरवाले म्हणाले, "मोजलं नाही."

आमचं घरात मतदान झालं. बॅरन रद्द, पाच विरुद्ध चार. हरलेल्या चौघांत मी होते, लिहायला हरकत नाही. ट्रॉलर चार दिवस, मुक्काम किनाऱ्यावर, रात्री बोटीत कोणी झोपणार नाही. ऑक्सिजनचा दुसरा सिलिंडर आम्ही भाड्याने भरतोय, त्यांनी ठेवून घ्यायचं कबूल केलंय.

लालबागच्या तरणतलावात रविवारी सकाळी सराव सुरू केलाय. मास्कमध्ये पाणी घेऊन काढणं, वजनाचा पट्टा सोडून देणं, बेशुद्ध माणसाला ओढत काठावर आणणं. बेशुद्ध माणूस म्हणून दीर फार छान काम करतात. हलतही नाहीत.

आईला चावीची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "मग आता त्यांच्याकडे चावी आहे का?" मी ट्रॉलरवाल्यांना फोटो मागितला. सिलिंडरच्या गळ्यात बांधलेली आहे, पांढऱ्या दोरीने.

सेफ्टीवाले_काका

दोरी नायलॉनची आहे का सुतळी? सुतळी खाऱ्या हवेत सहा महिन्यांत कुजते. आणि पहिल्या दिवशी, बोट बंदरात असतानाच, त्या चावीने सिलिंडर एकदा उघडून बघा. स्वच्छ, कोरड्या हाताने.

मृण्मयी_मांजलपूर

झूम करून बघितलं. सुतळी वाटते. नायलॉनची घेऊन जाते, मांडवीत मिळेल.